वर्ध्याच्या मंत्रीबाई

आमच्या आजोबांचा एक ठेवणीतला मुद्दा होता. नागपूरचे पाहुणे घरी आले आणि त्यांचं विद्यापीठ, विधानसभा, संत्री असं कौतुक सुरू झालं, की आजोबा पानाचा डबा पुढे सरकवत म्हणायचे, "आमच्या वर्ध्यानं दिल्लीले दोन आरोग्यमंत्री देल्ले. दोन्ही बाया. तुमच्या नागपुरानं किती देल्ले?" पाहुणे सुपारी कातरत राहायचे. मग स्वैपाकघरातून आजीचा आवाज यायचा, "दोघी बी पंजाबच्या होत्या. वर्ध्यानं त्याहिले काय देल्लं? मच्छर देल्ले!"

दोघांचंही खरं होतं. राजकुमारी अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, जन्म लखनौचा. सुशीला नायर पंजाबातल्या कुंजाहच्या. ते गाव आता पाकिस्तानात आहे. राजकुमारी स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या, सुशीलाबाईंनी १९६२ ते १९६७ तेच खातं सांभाळलं, आणि दोघींच्याही आयुष्याला वळण लागलं ते वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात. तिथं मच्छर होते, याबद्दलही वाद नाही. १९३६ च्या पावसाळ्यात खुद्द गांधीजींना हिवताप झाला आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात आणून ठेवावं लागलं.

मला इथं मुख्यतः राजकुमारींबद्दल लिहायचं आहे. कारण असं, की आमच्या घरातल्या तीन म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्याबद्दल जे सांगितलं ते एकमेकांशी कधी जुळलं नाही. आजोबांना त्या पाकिटांवरून ठाऊक होत्या, आजीला घराच्या भिंतीवरून, आणि आजोबांच्या थोरल्या बहिणीला, आमच्या आत्याआजीला, इंजेक्शनच्या सुईवरून. तिघांच्या मनातल्या तीन बाया. तिघींचं मिळून एक चरित्र होतं का, हे मी पुढं पुस्तकं वाचून ताडून पाहत राहिलो.

आजोबा वर्ध्याच्या पोस्टात लागले आणि थोड्याच दिवसांत, १९३४ साली, जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून गांधीजींनी वर्ध्यात मुक्काम केला. कापसाच्या हंगामापुरतं गजबजणारं गाव. त्याच्या पोस्टावर एकाएकी साऱ्या हिंदुस्थानचं टपाल येऊन आदळायला लागलं. आधी ते वर्ध्यातच मगनवाडीला, गांधीजींच्या मुक्कामी जाई. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर ज्याचा उल्लेख केला त्या खेड्यात, शेगावात राहायला गेले आणि सॉर्टिंगवाल्यांची नवी पंचाईत झाली, कारण गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात आधीपासून होतंच, आणि तेही रेल्वेच्या रस्त्यावर. गांधीजींची पत्रं महाराजांच्या गावी जाऊन परत फिरायची. अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. या नामांतराचं श्रेय आजोबा अर्थातच पोस्ट खात्याला द्यायचे.

त्या ढिगात सिमल्याची पाकिटं वेगळी उमटून दिसत. आणि इकडून जाणाऱ्या टपालात त्याच पत्त्यावरचं एखादं तरी असायचंच: राजकुमारी अमृत कौर, मॅनोरव्हिल, समरहिल, सिमला. पोस्टातल्या लोकांना याचं नवल वाटे. व्हाइसरॉयशी बोलणी करणारा माणूस एका राजघराण्यातल्या बाईला इतकं काय लिहितो? १९६१ मध्ये नवजीवननं ही पत्रं पुस्तकरूपानं काढली तेव्हा आजोबांनी ती वाचनालयात बसून वाचली आणि घरी येऊन खूप हसले. म्हातारा या बाईला कधी 'बंडखोर' म्हणतो, कधी सरळ 'मूर्ख' म्हणून संबोधतो, आणि खाली स्वतःची सही 'जुलमी' अशी करतो. मजकुरात काँग्रेसचं राजकारण, हरिजन साप्ताहिकाचं काम, आणि त्याच्याच शेजारी पोटावर ठेवायच्या मातीच्या पट्टीबद्दलच्या सूचना. पंचवीस वर्षांपूर्वी आपण काय वाहून नेत होतो ते आजोबांना तेव्हा कळलं.

ही राजकन्या नावाचीच होती म्हणावी, इतकं तिचं घर सरळसोट राजघराण्यांपासून लांब गेलेलं. वडील राजा सर हरनाम सिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि गादीवरचा हक्क सोडावा लागला. आई बंगाली ख्रिस्ती मिशनऱ्याची मुलगी. अमृत कौर शिकल्या इंग्लंडात, शेरबोर्नच्या मुलींच्या शाळेत. टेनिस उत्तम खेळायच्या. वडिलांकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते आणि स्वातंत्र्याची पहिली ओढ त्यांच्यामुळे लागली, असं त्या पुढं सांगत. म्हणजे मराठी माणसाशी त्यांचा पहिला संबंध वर्ध्याचा नसून पुण्याचा आहे, पण हे आजोबांना सांगण्यात अर्थ नव्हता. गांधीजींची ओळख १९१९ च्या सुमारास झाली. पण वडील हयात असेतो त्यांनी उघडपणे चळवळीत उडी घेतली नाही. १९३० मध्ये वडील वारले, आणि मग मात्र मीठ सत्याग्रह, अटक आणि वर्धा असा त्यांचा रस्ता ठरला. गांधीजींची चिटणीस म्हणून पुढची सोळा वर्षं.

आजोबांनी त्यांना एकदा स्टेशनाबाहेर पाहिलं होतं. पावसाळ्याचे दिवस, काळ्या मातीचा रस्ता, आणि पांढऱ्या खादीतल्या बाई रेंगीत बसून निघालेल्या. रेंगी पुढच्याच वळणावर चिखलात रुतली. बाई उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि चालायला लागल्या. आजोबा हे फार रंगवून सांगत. मला मात्र यात अजून काही विशेष वाटत नाही. सेवाग्रामच्या चिखलात सगळेच उतरत. महादेवभाई देसाई तर मगनवाडीहून रोज चालत ये-जा करीत.

गांधीजींकडे येण्याआधीच त्या स्त्रियांच्या चळवळीत मुरलेल्या होत्या, ही गोष्ट आजोबांच्या कथेत नसायची. ती आजीच्या कथेत होती, पण फिर्यादीच्या रूपात.

जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात, अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. परिषदेच्या संस्थापक मंडळींत अमृत कौर होत्या. सुरुवातीला विषय मुलींच्या शिक्षणापुरता ठरला होता. पण मुलगी शाळेत टिकायची तर दहाव्या-अकराव्या वर्षी तिचं लग्न व्हायला नको, हे पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि परिषद बालविवाहबंदीच्या मागे लागली. हरबिलास सारडांचं विधेयक १९२९ मध्ये मंजूर झालं. मुलीचं किमान वय चौदा, मुलाचं अठरा. अंमल मात्र १ एप्रिल १९३० पासून.

या मधल्या सहा महिन्यांत देशभर जे झालं तेच हिंगणघाटाजवळच्या आजीच्या माहेरी झालं. कायदा लागू व्हायच्या आत पोरी उजवून टाका, अशी घाई सुटली. आजीला अकरावं लागलं होतं. माघ-फाल्गुनात गावात इतकी लग्नं निघाली की वाजंत्री मिळेना. एका मांडवात आजी आणि तिच्या दोन चुलतबहिणी अशा तिघींचं उरकलं. सगळ्यात धाकटी लग्नात झोपली होती. आजीची पक्की समजूत, की हा कायदा देवलांच्या नाटकातल्या शारदेच्या नावानं केलेला. त्या पोरीचं म्हाताऱ्याशी लागत होतं म्हणून सरकारला दया आली. ही समजूत तिच्या पिढीत बऱ्याच जणांची असावी. "कायदा आला म्हनून माहं लगन तीन वर्स आधी झालं," आजी म्हणायची. "नसता आला तं बापू थांबनार होता. त्यानं पोट्टा बी पाह्यला नव्हता." आजोबा समोर बसून हे ऐकत आणि पेपर उलटत.

आत्याआजीची गोष्ट याच्याही आधीची. ती नवव्या वर्षी सासरी गेली आणि बाराव्या वर्षी परत आली. तिला पुण्याला सेवासदनात पाठवायचं धाडस आमच्या पणजोबांनी केलं. रमाबाई रानड्यांची ही संस्था विधवा मुलींना ससून इस्पितळात परिचारिकेचं आणि सुइणीचं शिक्षण देववत असे. आत्याआजी नर्स होऊन परतली, मुंडन न केलेली, पांढरं नऊवारी नेसणारी, पायात बूट घालणारी. गाव दोन वर्षं तिच्याशी बोललं नाही. मग बाळंतपणं अडायला लागली आणि बोलायला लागलं.

१९३७ च्या अखेरीस महिला परिषदेचं अधिवेशन नागपूरला भरलं आणि अध्यक्ष होत्या राजकुमारी अमृत कौर. आत्याआजी रजा काढून गेली. भाषणातलं तिला फारसं उमगलं नाही. पण मंचावर सगळ्यांच्या मधोमध बसलेली पन्नाशीची बाई बिनलग्नाची आहे, आणि इतक्या मोठ्या सभेत कोणीही तिला 'बिचारी' म्हणत नाही, एवढं तिनं टिपलं. ही गोष्ट ती शेवटपर्यंत सांगत राहिली, भाषणाचा विषय विसरून.

विषय मताधिकाराचाही असू शकेल, कारण त्या दशकात तो ऐरणीवर होता. नवी राज्यघटना ठरवायला इंग्रज सरकारनं समित्या नेमल्या, तेव्हा अमृत कौर यांनी आधी लोथियन समितीपुढे आणि १९३३ मध्ये लंडनला संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. सोबत मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी आणि बेगम हमीद अली. तिघींची मागणी एकच: प्रत्येक प्रौढ माणसाला मत, बाईला बाई म्हणून राखीव जागा नको, धर्मावरून वेगळे मतदारसंघ नकोत. एक ख्रिस्ती, एक हिंदू, एक मुसलमान बाई हे एकत्र सांगत होत्या आणि साहेब विचारत होता की तुम्ही नक्की कोणाच्या वतीनं बोलता. सरकारनं ऐकलं नाही. १९३५ च्या कायद्यात बाईला मत मिळालं ते तिच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरून किंवा तिच्या साक्षरतेवरून. खरा प्रौढ मताधिकार घटनेनं आला. आजीनं पहिलं मत टाकलं ते १९५१-५२ च्या निवडणुकीत, वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. त्या मतदारयाद्यांतून सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहवून घेतलं होतं. त्यांत मध्य प्रदेशातल्या पुष्कळ होत्या. आजीची अडचण उलटी. स्वतःचं नाव तिनं ठणकावून सांगितलं, नवऱ्याचं घेईना. यादी करणाऱ्या मास्तरांनी शेवटी उखाणा घ्यायला लावला.

घटना समितीतल्या पंधरा बायकांपैकी अमृत कौर एक, आणि त्या निवडून आल्या होत्या मध्य प्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे आमच्याच प्रांतातून. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्या आणि हंसाबेन मेहता शेजारी बसत. धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचं कलम आलं तेव्हा राजकुमारींनी हरकत घेतली: आचरण मोकळं सोडलंत तर पडदा, देवदासी, सती हे सगळं धर्माचं आचरण म्हणूनच तुमच्यासमोर येईल, आणि सुधारणेचे आजवरचे कायदेही धोक्यात येतील. आज पंचविसाव्या कलमात समाजसुधारणेचे कायदे करायची सरकारला जी मुभा दिसते, तिच्यामागं ही हरकत आहे. समान नागरी कायद्यासाठीही या दोघींनी मिनू मसानींबरोबर वेगळं मत नोंदवलं. तो विषय कुठवर गेला ते सर्वांना माहीत आहे. माझ्या मते मंत्रिपदाच्या दहा वर्षांइतकंच हे काही महिन्यांचं काम मोलाचं आहे. बाईच्या बाजूनं बोलायचं तर देवळाच्या दारातून आत पाहावं लागतं, हे त्यांनी घटनेच्या भाषेत लिहून घ्यायला लावलं.

१५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्या एकट्याच बाई होत्या. वय साठीच्या आसपास. मधल्या काळात वायव्य सरहद्दीवर बन्नूला जाऊन राजद्रोहाचा खटला ओढवून घेतला होता, बेचाळीसमध्ये मोर्चे नेऊन लाठ्या खाल्ल्या होत्या, अंबाल्याचा तुरुंग पाहिला होता. खातं मिळालं आरोग्य. बाईमाणसाला साजेसं म्हणून दिलं असेल, तर देणाऱ्यांचा अंदाज चुकला. फाळणीची रुग्णशिबिरं, पटकी, देवी, क्षय, हिवताप हे सगळं पहिल्याच वर्षी दारात उभं होतं.

हिवताप म्हटलं की आजीला वाचा फुटायची. तेव्हाचा सरकारी अंदाज असा, की देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी कारवार-धारवाडकडे मुंबई सरकारच्या डॉ. विश्वनाथन यांनी डीडीटी फवारून काय होतं ते दाखवलं होतं. डास चावला की जड होऊन भिंतीवर बसतो. त्या भिंतीवरच औषध असलं तर तो दुसऱ्या माणसाकडे पोचत नाही. सगळी युक्ती भिंतीची.

आणि भिंत आजीची. खाकी चड्डीतले दोघं-तिघं गडी पायपंप घेऊन यायचे, घरातलं सगळं अंगणात काढायला लावायचे, देवघरापासून गोठ्यापर्यंत पांढरा फवारा मारायचे आणि दारावर गेरूनं तारीख टाकून जायचे. वर ताकीद: सहा आठवडे भिंत पोतारायची नाही. आता फवारणी आली पोळ्याच्या तोंडाशी. पोळ्याला, मग महालक्ष्म्यांना, दसऱ्याला घर पोतारलेलं नसावं म्हणजे काय! आळीतल्या बायकांनी ठराव केला: गडी वळणावर गेले की पोतारा काढायचा. माती-शेणाखाली डीडीटी गडप. सगळ्या देशात हेच होत होतं आणि तज्ज्ञ मंडळी अहवालात लिहीत होती, की ग्रामीण जनता सहकार्य करत नाही.

आमच्या घरी हा तिढा आत्याआजीनं सोडवला. तिनं आजीला बसवून सांगितलं, की ही फवारणी पाठवणारी बाई तीच, नागपूरच्या अधिवेशनातली, जी इथंच शेगावात राहायची, जिथं गांधीबाबाला ताप भरला होता. आजीनं विचार केला आणि मध्यम मार्ग काढला. देवघराची आणि समोरची भिंत पोतारायची. निजायच्या खोलीची नाही. कीटकशास्त्राच्या दृष्टीनं हा निर्णय अचूक होता. त्या वर्षी घरात कोणी कुडकुडलं नाही. दशकभरात देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. डास डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला, तेव्हा आजीनं हयातीत दुसऱ्यांदा फवारणीवाल्यांना सामोरं जाऊन विचारलं, "मधात कुठी गेल्ते बाप्पा?"

आत्याआजीला त्या खात्याचे दोन उपकार वाटत. एक, १९४७ च्या अखेरीस झालेला परिचर्या परिषदेचा कायदा. नर्स म्हणजे टाकलेली किंवा बाटलेली बाई, असं उघड बोललं जाण्याचा तो काळ. शिक्षणाचा दर्जा देशभर एक करायला परिषद असणं, रजिस्टरात आपलं नाव असणं, याचं मोल बाहेरच्याला कळणार नाही. दिल्लीतलं परिचर्या महाविद्यालय पुढं राजकुमारींच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं, ते योग्यच झालं.

दुसरा उपकार बीसीजीचा. १९५१ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं क्षयाविरुद्ध लस टोचायची मोठी मोहीम निघाली. आधी हातावर चाचणीची टोचणी, तीन दिवसांनी गाठ पाहायची, गाठ नसली तरच लस. म्हणजे पोरं दोनदा हाती लागायला हवीत. पहिल्या दिवशी फसलेली पोरं तिसऱ्या दिवशी कपाशीत लपत. १९५५ मध्ये राजगोपालाचारींसारख्या माणसानं या लसीविरुद्ध पुस्तिका काढली, आणि मद्रासपासून वर्ध्यापर्यंत आईबापांना शाळेच्या दारात उभं राहायला आयतं कारण मिळालं. राजाजी म्हणजे गांधीजींचे व्याही. त्यांच्याशी जाहीर वाद घालणं राजकुमारींना जड गेलं असणार, पण त्या हटल्या नाहीत. इथं एक सांगायला हवं. पुढं चिंगलपेट जिल्ह्यातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८० च्या आगेमागे आले, तेव्हा मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ही लस आवरत नाही असं दिसलं. लहान मुलांच्या मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते म्हणून अजून टोचतात. राजाजी पूर्ण चुकीचे नव्हते, पण आत्याआजीनं धरून आणलेली पोरंही फुकट रडली नाहीत.

आता ज्या गोष्टीवर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही, तिच्याकडे येतो.

आजीची नऊ बाळंतपणं झाली. सहा मुलं जगली. शेवटचं १९५४ साली. आत्याआजी सुईण म्हणून नऊही वेळा हजर होती आणि पाचव्यापासून भावाशी भांडत होती. तिच्याकडे र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' यायचं, १९२७ पासून निघणारं. पोस्टातून ते साध्या वेष्टणात यायचं आणि आजोबाच ते घरी आणायचे, न उघडता, जिन्नस विटाळलेला असावा तसं दोन बोटांत धरून. आजोबा गांधीजींच्या मताचे. संततिनियमन हवं, पण साधनांनी नको, संयमानं हवं. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर ही अमेरिकन बाई वर्ध्याला येऊन गांधीजींशी याच विषयावर वाद घालून गेली. तिच्या तारा आजोबांच्या पोस्टातून गेल्या होत्या. तिथून ती त्रिवेंद्रमला महिला परिषदेच्या अधिवेशनाला गेली, आणि परिषदेनं संततिनियमनाचा ठराव केला. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षानं तसाच ठराव आणला, तो पडला. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांनी कुटुंबनियोजन संघटना काढली. म्हणजे राजकुमारींच्या आसपासच्या बायका, त्यांच्या स्वतःच्या परिषदेतल्या मैत्रिणी, एकच मागणी करत होत्या. आणि ती पुरी करायचं खातं ज्यांच्या हाती होतं त्या राजकुमारी या एका बाबतीत सेवाग्रामच्याच राहिल्या.

त्यांनी अडवणूक केली असं म्हणता येणार नाही. त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये, सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत पहिला देश ठरला आणि पहिल्या योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. पण भर कशावर, तर सुरक्षित दिवस पाळण्यावर. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेकडून न्यूयॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन आले. म्हैसुरातलं रामनगरम आणि दिल्लीची लोदी कॉलनी इथं प्रयोग झाले. बायकांना दिवस मोजायला मण्यांची माळ दिली, रोज एक मणी सरकवायचा, रंगावरून आजचा दिवस कसला ते ओळखायचं. आत्याआजीनं ही बातमी पेपरात वाचली आणि तिला पहिल्यांदाच राजकुमारींचा राग आला. "निंदायला गेलेली बाई मणी मोजत बसेल? आणि मोजले तरी रात्री नवऱ्याला दाखवून सांगेल, आज लाल आहे म्हणून?"

राजकुमारींचं म्हणणं स्त्रीविरोधी नव्हतं, उलट त्यांच्या लेखी तेच खरं स्त्रीवादी होतं. साधनं दिली की पुरुषाला मोकळं रान मिळेल, बाईनं नाही म्हणायला शिकलं पाहिजे, असा तो विचार. विचार म्हणून मी त्याची टर उडवणार नाही. पण ज्या बाईनं घटनेच्या मसुद्यात धर्माच्या नावाखाली काय काय लपतं ते अचूक ओळखलं, तिला संयमाच्या नावाखाली काय लपतं ते दिसलं नाही. त्यांना स्वतःला घरात कोणाला 'नाही' म्हणायची वेळ आली नव्हती. आजीला नऊ वेळा आली. तिला एकदा, सगळ्या नातवंडांदेखत, कोणीतरी विचारलं की आजोबा तर संयमवाले होते ना? आजी निवडणं न थांबवता म्हणाली, "संयम पोस्टात होता. घरी कायचा?"

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था ही त्यांची सगळ्यात नावाजलेली कामगिरी, त्यामुळं तिच्याबद्दल थोडक्यात. भोर समितीनं १९४६ मध्ये अशी संस्था सुचवली होती, पैसा नव्हता. न्यूझीलंडकडून कोलंबो योजनेतून दहा लाख पौंड मिळाले, आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी लोकसभेत विधेयक मांडलं. संस्था खात्याच्या बोटाखाली राहू नये, तिचा कारभार तिनं करावा, हे त्यांनी कायद्यातच घालून ठेवलं. सिमल्याचं मॅनोरव्हिल त्यांनी संस्थेला देऊन टाकलं, तिथल्या परिचारिकांना आणि कर्मचाऱ्यांना विश्रांतीसाठी. ज्या पत्त्यावर वर्ध्याची पाकिटं गेली, त्या घरात नर्सबाया सुट्टीला जातात, हे ऐकून आजोबांपेक्षा आत्याआजीला जास्त आनंद झाला. १९५० मध्ये जागतिक आरोग्य सभेचं अध्यक्षपद मिळालेल्या त्या पहिल्या बाई आणि पहिल्या आशियाई. १९५७ मध्ये मंत्रिपद सुटलं, राज्यसभेत राहिल्या, फेब्रुवारी १९६४ मध्ये दिल्लीला वारल्या. आजोबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही.

सुशीलाबाई तेव्हा आरोग्यमंत्री होत्या. गांधीजींच्या डॉक्टर, सेवाग्रामच्या दवाखान्याच्या संस्थापक. पुढं १९६९ मध्ये त्यांनी तिथं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं आणि २००१ मध्ये वारल्या त्याही सेवाग्रामलाच. त्याच कुटीत बसून त्याच म्हाताऱ्याचं संयमावरचं बोलणं त्यांनीही ऐकलेलं. पण त्या डॉक्टर होत्या, आणि १९६५ मध्ये त्यांच्या खात्यानं लूप, म्हणजे गर्भाशयात बसवायचं संततिनियमनाचं साधन, देशभर नेला.

आमच्या मोठ्या काकूला तेव्हा तीन मुलं होती. लूप बसवणारी जीप तालुक्याला आली. काका नको म्हणत होते, आजोबा पेपर उलटत होते. आजीनं कोणाला विचारलं नाही. धाकट्याला कडेवर घेतलं, काकूला चपला घालायला सांगितल्या आणि नणंदेला म्हणाली, "चाला बाई, इले घेऊन जाऊ."

काकूला लूप मानवला नाही. महिनाभर रक्त जात राहिलं. जीप पुढच्या तालुक्यात गेलेली, केंद्रावर डॉक्टरीण नाही, आकडे भरणारे कारकून तेवढे होते. शेवटी आत्याआजीनं स्वतःच ओळखीच्या डॉक्टरणीकडे नागपूरला नेऊन तो काढवून आणला. तेव्हापासून दोन आरोग्यमंत्र्यांचा विषय निघाला, की आजीच्या मच्छरांच्या जोडीला आणखी एक वाक्य यायचं: "घालाले जीप होती, काढाले यष्टीनं गेलो."